धनाजीरावांना उठवायला एक माणूस

धनाजीराव शितोळ्यांना आपण ओळखत होतो, असं म्हणायला लक्ष्मीकांतरावांची जीभ आजही रेटत नाही. बडोद्यात वासण्याच्या एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत दोघांनी वर्षानुवर्षं काढली. पण धनाजीराव देव मानत होते की नाही, सख्ख्या धाकट्या भावाशी त्यांनी बोलणं का टाकलं होतं, आणि लोकांना शिव्या घालत घालत त्यांच्याच पानात वाढण्याची खोड त्यांना कुठून लागली, यातलं लक्ष्मीकांतरावांना काहीही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की उजवा गुडघा डाव्यापेक्षा वाईट, चहात आलं हवं पण वेलची नको, आणि माणूस वजनाला जड. हे शेवटचं त्यांच्या हातांना ठाऊक होतं, कारण धनाजीरावांना जमिनीवरून उठवणं हे त्यांचं काम होतं.

शितोळ्यांचं घराणं बडोद्यातलं जुनं. चुलतभाऊ लग्नकार्यात सरदार पूर्वजांच्या गोष्टी सांगू लागले की धनाजीराव मध्येच म्हणत, "कसले सरदार? आजोबा महाराजांच्या हत्तीखान्यात होते. हत्तीचे पाय धुवायचे. सरदार वर बसायचे, आम्ही खाली बादली घेऊन." त्यांच्या पत्नी वसुंधराबाई यावर कपाळाला हात लावत. हे वाक्य आपल्या माहेरी पोचू नये म्हणून त्यांनी फार कष्ट घेतले होते.

धनाजीराव स्वतः मकरपुऱ्याला पंपाच्या एका कारखान्यात फोरमन होते. परदेशी मालाला देशाची दारं उघडली, तसे हलके आणि देखणे पंप बाजारात आले. धनाजीरावांच्या कारखान्याचा पंप, जो त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे पाणी कमी आणि आवाज जास्त काढायचा, कोणी घेईना. नव्याण्णव साली फाटकाला कुलूप लागलं. पंचावन्नाव्या वर्षी घरी बसायची वेळ आली, आणि ते बसले नाहीत. घरी काही न सांगता रोज डबा घेऊन स्कूटरवर निघायचे आणि कमाटीबागेत माकडांच्या पिंजऱ्यासमोर बसून जेवायचे. वसुंधराबाईंना हे लगेच कळलं, कारण शर्टावर ग्रीसचे डाग पडेनासे झाले. पण त्याही बोलल्या नाहीत. डब्यासोबत एक केळं जास्त द्यायला लागल्या. ते कोणासाठी, हा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

थंडीतल्या एका सकाळी स्टेशनजवळच्या गरनाळ्यापाशी, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यापाशी, त्यांची स्कूटर पंक्चर झाली. दाढी वाढलेली, डोक्याला माकडटोपी, अंगात कारखान्यातला जुना स्वेटर. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यापुढे रांग. एवढी गर्दी आहे म्हणजे चहा चांगला असणार, असं म्हणून तेही रांगेत लागले. एका तरुण माणसाने अदबीने त्यांच्या हातात पेला आणि पाव ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "काका, रात्रे क्यां सूता?"

"झोपतो वासण्याला," धनाजीराव म्हणाले. "दोन बेडरूम, हॉल, किचन."

हा तरुण म्हणजे जयंतभाई मॅकवान, आणंदकडचा ख्रिस्ती पाळक. फुटपाथवर राहणाऱ्यांना रोज सकाळी चहा-नाश्ता द्यायचा, जखमा धुवायच्या, कोणाला दवाखान्यात न्यायचं, असं काम करणाऱ्या एका मिशनची ती गाडी होती. जयंतभाई ओशाळले आणि पेला परत घ्यायला लागले. धनाजीरावांनी तो दिला नाही. संपवला, आणि मग म्हणाले, "चहाच्या नावाखाली हे काय उकळलंय? भरल्या पोटाच्या माणसाला फसवावं, उपाशी माणसाला फसवू नये."

जयंतभाई स्वभावाने गरीब. ते म्हणाले, "तो काका, तमे बनावी आपो."

दुसऱ्या दिवशी धनाजीराव चहा करायला आल्याचा तुकडा आणि घरची किसणी घेऊन हजर झाले. माकडांचं केळं त्या दिवसापासून बंद झालं.

पण त्या मिशनमध्ये कोणालाही असं घुसता येत नसे. मद्रासच्या मुख्य कचेरीचा नियम होता की जो येईल त्याने आधी तीन महिने 'इंटर्न' राहायचं. मग साहेब येऊन बघणार आणि ठेवायचं की नाही ते ठरवणार. इंटर्न म्हणजे कॉलेजातली पोरं, असं तिकडे गृहीत होतं. जयंतभाईंनी मद्रासला एवढंच कळवलं की एक इंटर्न मिळाला आहे, अनुभवी आहे. धनाजीरावांना नारिंगी रंगाचं एक बिनबाह्यांचं जाकीट मिळालं. पाठीवर इंग्रजीत 'इंटर्न' लिहिलेलं. पुढची बटणं त्यांच्या पोटापर्यंत येऊन थांबायची.

ते जाकीट घालून ते जिन्यावरून उतरले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी फत्तेसिंहराव वाटेतच उभे होते.

"धनाजीराव, ऐकतो ते खरं का? तुम्ही ख्रिश्चन झालात?"

"नाही हो, अजून ट्रायलवर आहे."

"चेष्टा नको. गणपतीत आरतीला ढोल कोण वाजवणार?"

"मीच. त्यांनी मला घेतलं तरी मीच, आणि नाही घेतलं तरी मीच. तुमच्यात तालाचं अंग आहे कोणाला?"

खरं तर मिशनमध्ये त्यांना कोणी धर्माबद्दल एक शब्द विचारला नव्हता. वाटप सुरू होण्याआधी जयंतभाई डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा धनाजीरावही डोळे मिटत. एकदा प्रार्थना जरा लांबली आणि त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. जयंतभाईंनी घाईने 'आमेन' म्हटलं.

एक नियम मात्र त्यांना जड गेला. रस्त्यावर बसलेल्या माणसाशी उभ्याने बोलायचं नाही. बोलायचं असेल तर त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, म्हणजे कोणी वर नाही, कोणी खाली नाही. नियम चांगलाच होता, पण धनाजीरावांच्या गुडघ्यांना विचारून केलेला नव्हता. ते बसायचे धप्पकन, आणि उठायची वेळ आली की इकडेतिकडे बघायचे. जयंतभाई काटकुळे. एकदा त्यांनी हात दिला आणि दोघेही खाली.

त्याच दिवशी संध्याकाळी धनाजीरावांनी समोरचं दार वाजवलं. लक्ष्मीकांतराव रेल्वेच्या प्रतापनगरच्या कचेरीतून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यापासून एकटे. चार माणसांत उभं राहायला लाजणारे. आपल्याला काय येतं, असं कोणी विचारलं तर मनापासून विचारात पडणारे.

"लक्ष्मीकांतराव, सकाळी काय करता?"

"पेपर वाचतो."

"मग वाईट बातम्या बघायला प्रत्यक्षच चला. मला उठवायला एक माणूस हवाय."

"मला तिथलं काही येत नाही हो."

"तिथे काही यायला लागत नाही. ओढायचं फक्त."

अशा रीतीने लक्ष्मीकांतराव रोज सकाळी स्कूटरवर मागे बसून स्टेशनला जाऊ लागले. ते कोणाशी बोलत नसत. धनाजीराव एका माणसासमोर बसले की हे चार पावलांवर उभे राहत, आणि "हात द्या" ऐकू आलं की पुढे होऊन ओढत. स्टेशनबाहेर भंगार वेचणारी जिजाबाई नावाची एक मराठी म्हातारी होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यो कोण? तुझी क्रेन का?" आणि नाव पडलं ते पडलं.

जिजाबाई खानदेशातून कधीतरी रेल्वेत बसून आलेली. जीभ तिखट. मिशनच्या लोकांना ती दबकत नसे. पावाचा तुकडा वर धरून म्हणायची, "मेकवानदादा, हा पाव तुमच्या देवाच्या वेळचा दिसतो." धनाजीरावांचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, म्हणजे दोघं रोज भांडत. तिच्या पायाला चिघळलेली जखम होती. ती धुवायला जिजाबाई कोणालाच हात लावू देत नव्हती. "देवाधर्माचा माणूस तू, न् पायाला हात लावतो? मला पाप लागंल." जयंतभाई विनवून थकले होते.

तिकडे घरी वेगळंच शिजत होतं. मुलगा अनिश बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने नवं घर घेतलं होतं, लिफ्ट होती, गॅलरी होती. त्याचा फोन यायचा तो एकच वाक्य घेऊन. "बाबा, तिथे आता तुमचं काय काम आहे?" कारखाना बंद झाल्यापासून हे वाक्य आलं की धनाजीराव फोन वसुंधराबाईंच्या हातात देत. शेवटी नवरा-बायकोत ठरलं की मिशनने कायम ठेवून घेतलं तर बडोद्यात राहायचं. नाही घेतलं तर उन्हाळ्यात घर मोकळं करून बंगळूर.

"गॅलरीत बसवणार मला," धनाजीराव स्कूटर चालवता चालवता म्हणाले. "कुंड्यांच्या शेजारी. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतील."

 समोरच्या दाराला कुलूप लागल्यावर दिवसभरात आपल्याला हाक मारणारं कोणी उरणार नाही, एवढा हिशेब मागे बसलेल्या लक्ष्मीकांतरावांनी केला होता. पण अशी गोष्ट पुरुषाने पुरुषाला, त्यातून चालत्या स्कूटरवर, कशी सांगायची?

मद्रासचे थंगराजसाहेब आले ते नेमके गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी ख्रिस्ताने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून मिशनमध्ये रस्त्यावरच्या बारा माणसांचे पाय धुवायची रीत होती. साहेबांसमोर ती रीत आपल्या गरनाळ्यापाशी व्हावी, असं जयंतभाईंनी योजलं होतं. नवी परात, नवा टॉवेल, गुलाबी साबण. बारा जणांना ओळीने बसवलं.

जयंतभाई परात घेऊन पहिल्यासमोर बसले मात्र, त्याने पाय मांडीखाली घेतले. "महाराज, पाप लागे," तो म्हणाला, आणि उलट वाकून जयंतभाईंच्याच पायाला हात लावला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरा तर उठून दूर जाऊन उभा राहिला. जयंतभाई समजावत होते की ही सेवा आहे, प्रेम आहे. पण या देशात साधूने पाय धुवायचे आणि भिकाऱ्याने धुवून घ्यायचे हे कोणाच्या गळी उतरेना. थंगराजसाहेब पांढऱ्या पँटीत, हाताची घडी घालून उभे. कपाळावर आठी. परातीतलं पाणी उन्हाने तापायला लागलं.

चहाच्या पातेल्यामागून हे सगळं बघत धनाजीराव चहा ढवळत होते. शेवटी त्यांनी पळी ठेवली.

"जयंतभाई, तुम्ही चुकीचं सांगताय. हे सेवाबिवा म्हटलं की गरीब माणूस घाबरतो. बाजूला व्हा." आणि मग ओळीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अरे, तुम्ही मुलाकडची माणसं! जान आली आहे तुमची, वऱ्हाड. आम्ही मुलीकडचे. वेवाईचे पाय धुतात की नाही तुमच्याकडे?"

ओळीत चुळबुळ झाली. मांडीखालचा एक पाय सावकाश बाहेर आला. व्याह्याचे पाय धुतात, यात पाप नव्हतं. पाप असलं तर न धुण्यात होतं. मग दुसरा पाय आला. दूर गेलेला तिसरा माणूस परत आला आणि आपली जागा कोणी घेतली म्हणून भांडायला लागला.

इथवर सगळं ठीक होतं. पण मुलाकडची माणसं म्हटल्यावर ती मुलाकडच्यांसारखीच वागणार, हे धनाजीरावांच्या लक्षात आलं नव्हतं. एकाने पाणी कोमट नाही म्हणून पाय मागे घेतला. दुसऱ्याने टॉवेल आधी शेजाऱ्याला का दिला असं विचारलं. तिसरा म्हणाला, "पान-सुपारी क्यां छे?" एकाने तर मुलगी काय शिकली आहे तेही विचारून घेतलं. आणि ओळीबाहेर जिजाबाई भंगाराच्या पोत्यावर पाठ फिरवून बसली.

"आजी, तुम्हाला काय झालं?" धनाजीरावांनी विचारलं.

"मला काय व्हायचंय? मी वरमाय. माझ्या आधी गड्यांचे पाय धुतले. चालू द्या तुमचं."

विहीण रुसली. आता हे लग्न तिथून पुढे सरकणार नव्हतं, हे धनाजीराव जाणून होते. त्यांनी परात उचलली. जयंतभाई कासावीस होऊन त्यांच्या कानाशी लागले, "काका, बारा शिष्य बधा पुरुष हता. बाई नहोती."

"मग एक कमी करा. त्या बारांत एक जण तसाही घोटाळ्याचाच होता, असं तुम्हीच सांगता ना?"

जयंतभाईंनी वर आकाशाकडे पाहिलं, पण तिथून काही हरकत आली नाही.

धनाजीराव जिजाबाईपुढे धप्पकन बसले. तिने फिरवलेली पाठ अर्धी वळवली. मग पाय पुढे केला, तोच, जखमेचा. धनाजीरावांनी तो परातीत घेतला. पाणी काळं झालं, मग तांबूस झालं. त्यांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "आमच्या घराण्याला सवय आहे याची. आजोबांनी हत्तीचे धुतले. तुमचा पाय त्या मानाने बरा आहे, पण फार नाही." जिजाबाई म्हणाली, "सावकाश चोळ, मुलीच्या बापा." आणि इतके महिने कोणाला हात लावू न दिलेली ती जखम त्या बाईने मान वर करून, चांगली ऐटीत, धुवून घेतली. जयंतभाईंनी मलम पुढे केलं तेव्हा तिने तेही मानाचं म्हणून घेतलं.

मग तिची नजर थंगराजसाहेबांवर गेली.

"हा कोण? मुलीचा मामा का? आम्ही खाली बसलो न् हा खांबासारखा उभा. तुमच्याकडं उभ्यानं बोलायचं नसतं ना?"

जयंतभाईंचा चेहरा पडला. तो नियम थंगराजसाहेबांनी स्वतः केलेला होता. साहेबांनी म्हातारी काय म्हणते ते हिंदीत विचारून घेतलं.  मग पँट किंचित वर ओढून ते धुळीत बसले. लक्ष्मीकांतरावांना वाटलं, झालं, निघाला आता बंगळूरचा टेम्पो.

सगळ्यांना चहा झाला. चहाची तक्रार मुलाकडच्यांनीही केली नाही. मग साहेबांनी उठायला हात टेकला आणि ते तसेच राहिले. साठी त्यांची उलटलेली होती. लक्ष्मीकांतराव सवयीने पुढे झाले आणि त्यांनी ओढलं. साहेब उभे राहिले, धूळ झटकली आणि विचारलं, "तुम्हीपण इंटर्न?"

"नाही, मी शेजारी," लक्ष्मीकांतराव म्हणाले. एवढ्या महिन्यांत तिथे त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं मोठं वाक्य.

साहेब धनाजीरावांकडे वळले. ते अजून जमिनीवरच होते. साहेब हिंदीत म्हणाले की इंटर्न तिशीच्या आतला असावा लागतो. हे नियमात लिहिलेलं आहे आणि जयंतने ते वाचायला हवं होतं. तुम्हाला इंटर्न म्हणून ठेवता येणार नाही.

धनाजीरावांनी मान हलवली. जाकीट काढायला लागले. "बटणं तशीही लागत नव्हती," ते म्हणाले. लक्ष्मीकांतराव परातीतल्या पाण्याकडे बघत राहिले.

"पण स्वयंपाक्याला वयाची अट नाही," साहेब म्हणाले. "चहा तुम्ही करा. नाश्ताही बघा. पाव खरंच वाईट आहे. आणि तुमचं लग्न पुन्हा लावू नका, निदान मी असताना."

जाकीट परत घेतलं नाही कोणी. धनाजीराव त्या दिवसापासून मिशनचे आचारी झाले. पावाच्या जागी खिचडी आली, आणि अनिशच्या प्रश्नाला फोनवर उत्तर गेलं, "काम आहे. भाजी आणायची आहे." वसुंधराबाईंनी बांधलेली भांडी सोडली. लक्ष्मीकांतरावांनी त्या रविवारी स्वतःच्या घरी शिरा केला. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही. अर्धा समोर नेऊन दिला, तेव्हा धनाजीराव म्हणाले, "साखर कमी आहे," आणि सगळा संपवला.

पुढची अकरा वर्षं हेच चाललं. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी गरनाळ्यापाशी वऱ्हाड बसायचं. जिजाबाई होती तोवर पहिला मान तिचा. जयंतभाई परात घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि विहीणबाई म्हणूनच हाक मारायचे. गणपतीत ढोल धनाजीरावच वाजवत राहिले. फत्तेसिंहरावांना ते ख्रिश्चन झाले की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. लक्ष्मीकांतरावांनाही नाही. एकदा हिंमत करून त्यांनी विचारलं होतं, "तुमचा विश्वास आहे का हो?" धनाजीराव म्हणाले, "तुमच्या हातावर आहे. ओढा."

ते गेले ते झोपेत, कोणाला न उठवता. शोकसभेत कोणीतरी लक्ष्मीकांतरावांना दोन शब्द बोला म्हणालं. ते उभे राहिले आणि तसेच बसले. त्यांना जे आठवत होतं ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. आदल्याच दिवशी दोघं खंडेराव मार्केटला गेले होते. खिचडीत घालायची भाजी घेऊन झाली होती, आणि धनाजीराव दुधीवालीशी भाव करता करता तिच्यासमोर जमिनीवरच बसले होते.

"लक्ष्मीकांतराव, हात द्या."

"थांबा, पिशवी खाली ठेवतो."

"खाली नका ठेवू. टमाटे आहेत त्यात."